आचऱ्याला मी केस धुतले

मिलिंदचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात कांद्याची कचोरी होती. सूनबाई ऑफिसला गेली की कोपऱ्यावरच्या भैयाकडून मी गुपचूप एक मागवते आणि संध्याकाळी तिने विचारलं की "दलिया खाल्ला गं" असं सरळ चेहऱ्याने सांगते. त्र्याहत्तराव्या वर्षी माणसाला एवढी सवलत असावी, असं माझं मत आहे. तर तोंडात घास, आणि पलीकडून माझा भाचा त्याच्या हिंदी वळणाच्या मराठीत म्हणाला, "आत्या, बाबा गेले. मतलब... झोपेतच." मी घास गिळला. टाकला नाही, गिळला, आणि मग रडायला लागले. त्या गिळण्याचीही मला लाज वाटते, पण ती बारकी लाज आहे. मोठीबद्दल आज लिहायचंय.

दादाला जाऊन सहा आठवडे झाले. शास्त्री नगरच्या त्याच्या घरी भेटायला आलेला प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलला: "फार काळजी घेणारा माणूस हो." विमा कंपनीतले त्याचे जुने सहकारी तेच म्हणाले, आमच्या मराठी मंडळातलेही तेच. मी मान डोलवत बसले होते. तो तसा कशामुळे झाला, हे त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होतं. इथे जयपुरात माझ्या जवाहर नगरहून शास्त्री नगर म्हणजे रिक्षाने अर्धा तास. एवढ्याशा अंतरावर माझा सख्खा भाऊ बत्तीस वर्षं राहिला, दर रविवारी स्कूटरवरून माझ्याकडे पोह्यांना आला, आणि त्याला सांगायची एक गोष्ट मी सांगितली नाही.

आमचं माहेर विजयदुर्गच्या खाडीतलं. वडिलांचं नारळ-सुपारीचं दुकान, आणि माल इकडून तिकडे न्यायला एक छोटी शिडाची होडी. उघडीच होती, वर छप्पर नाही की टप नाही. ऊन आलं की ऊन, लाट आली की लाट. दादा त्या होडीत वाढला म्हटलं तरी चालेल. शाळेत त्याचं डोकं कधी चाललं नाही, पण वारा कुठून फिरणार ते त्याला गालावर कळायचं. तेविसाव्या वर्षी त्याने वडिलांना सांगितलं, "मला नोकरी नको. मला मोठी होडी चालवू द्या, वेंगुर्ल्यापर्यंत माल नेईन." वडील विचारी होते. ते म्हणाले, "भिकूला घेऊन एकदा वेंगुर्ल्याला जाऊन ये. तू सुकाणू धर, तो नुसता बसेल. परत आल्यावर भिकू हो म्हणाला तर हो, नाही म्हणाला तर विमा कंपनीचा अर्ज भरायचा." भिकूकाका म्हणजे दादाला वल्हं धरायला शिकवणारे आमच्या गावचे म्हातारे तांडेल. त्यांचा शब्द वडिलांच्या लेखी शेवटचा.

आता या परीक्षेत माझं काय काम होतं? काहीही नाही. पण त्याच आठवड्यात वेंगुर्ल्याला मावशीकडे मला बघायला एक स्थळ येणार होतं. मला एसटीने पाठवायचं ठरलं होतं. मी एकवीस वर्षांची, केस गुडघ्यापर्यंत, आणि त्या केसांवाचून माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं हे मला नीट माहीत होतं. पण मैत्रिणींना सांगायला काहीतरी हवं ना! एसटीने कोणीही जातं. मी दोन दिवस जेवले नाही (स्वयंपाकघरात जाऊन खोबरं खात होते, ते सोडा) आणि शेवटी आईने डोक्याला हात लावून म्हटलं, "जा बाई होडीतून. नवऱ्या मुलाने नापसंत केलं तर निदान कारण तरी असेल."

पहिले दोन दिवस आयुष्यातले सर्वांत सुंदर होते असं मी आजही म्हणेन. सकाळी जमिनीकडून येणारं वारं, दुपारनंतर पाठीमागून येणारं वारं, आणि संध्याकाळी एखाद्या खाडीत शिरून वाळूवर होडी ओढायची. पहिली रात्र देवगडला, दुसरी आचऱ्याला. दादा सुकाणूवर बसला की वेगळाच दिसायचा. घरी खांदे पाडून बसणारा मुलगा, पण तिथे पाठ ताठ, डोळे बारीक, तोंडातून शब्द नाही. भिकूकाका डोलकाठीला टेकून विडी ओढत त्याच्याकडे बघत असायचे. दुसऱ्या दिवशी देवगडच्या पुढे एका खडकाला वळसा घालताना दादाने शीड असं काही फिरवलं की ते मला हळूच म्हणाले, "गो बाय, तुझो भाव माझ्यापेक्षा बरो तांडेल होतलो." मी ते लगेच दादाला सांगितलं. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण कान लाल झाले होते.

आणि मी? मी चिकट झाले होते. खारं वारं लागून केसांचा काथ्या झाला होता, फणी शिरत नव्हती. दोन दिवसांनी स्थळ येणार आणि मी सुंभ डोक्यावर घेऊन बसणार! तिसऱ्या दिवशी सकाळी आचऱ्याला दादा आणि भिकूकाका कोळ्यांकडे गेले, खाडीच्या तोंडाशी वाळू कुठे साचली आहे ते विचारायला. निघण्याआधी दादाने पिंपाच्या तळाजवळचं बूच काढून भिकूकाकांना तांब्याभर पाणी दिलं आणि बूच परत ठोकलं. मी पाहिलं होतं. त्याने तळहाताने दोनदा ठोकलं. हे पिंप म्हणजे आमचं प्यायचं पाणी, आदल्या संध्याकाळी गावातल्या विहिरीवरून भरून आणलेलं. दोघे नजरेआड झाले, मी पिशवीतून आईने दिलेली शिकेकाईची पुडी काढली, आणि त्या पिंपातल्या गोड्या पाण्याने, एक तांब्या, दुसरा तांब्या, दहावा तांब्या... मी मजेत गाणं गुणगुणत केस धुतले. तेवढ्या लांब केसांना किती पाणी लागतं ते ज्यांनी धुतले त्यांनाच ठाऊक. अर्धं पिंप गेलं असेल. मनात म्हटलं, संध्याकाळी मालवणला पोचतोच आहोत, अर्धं पुरे. तेवढ्यात दादाची हाक आली, "मंदे, चल, ओहोटी लागली!" मी घाईत बूच बसवलं, केस पंच्यात गुंडाळले, वर पदर घेतला, आणि पिंपाकडे पाठ करून शहाण्या मुलीसारखी बसले.

दुपारी वारा पडला. समुद्रावर वारा पडतो म्हणजे काय, ते जयपूरच्या लोकांना कसं सांगू? शीड ओल्या धोतरासारखं लोंबत होतं. पाणी तेलासारखं. "वारो मेलो," भिकूकाका म्हणाले, "वल्ही घे." किनारा दिसत होता, पण दूर, आणि मधे खडक. दोघे वल्हवायला लागले. तासाभराने भिकूकाका थांबले. "वायच पाणी दी गो."

मी तांब्या घेऊन पिंपापाशी गेले. बूच तिरकं झालं होतं. मी लावलेलं ते बूच होडीच्या हेलकाव्यांनी सैल होऊन अर्धं बाहेर आलं होतं आणि उरलेलं सगळं पाणी सकाळपासून होडीच्या तळात झिरपून खाऱ्या पाण्यात मिसळलं होतं. दादाने पिंप हलवून पाहिलं. तळातल्या पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि थुंकला.

"बूच कोणी लावल्यान?" भिकूकाकांनी विचारलं.

इथे वाचकांनो, मी तुम्हांला सांगू शकले असते की मी घाबरले, गोंधळले, तोंडातून निघून गेलं. तसं नव्हतं. मी विचार केला. चांगला विचार केला. भिकूकाका हे मावशीला सांगणार, मावशी त्या स्थळाला सांगणार नाही पण मावशीच्या शेजारणी सांगतील, की मुलीने समुद्रात प्यायच्या पाण्याने केस धुतले. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं, आणि मग मी म्हटलं, "सकाळी दादाने तुम्हांला पाणी दिलं ना, तेव्हाच सैल राहिलं असेल." माझा आवाजसुद्धा हलला नाही.

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने पिंपाकडे पाहिलं, मग आपल्या तळहाताकडे. "हो," म्हणाला, "शेवटचं पाणी मीच काढलं होतं."

पुढचे तीन तास मी विसरू शकत नाही. भिकूकाकांना भोवळ आली आणि ते तळात आडवे झाले. दादाने त्यांच्या डोक्यावर ओलं फडकं टाकलं आणि एकट्याने वल्हवत किनारा धरला. त्याच्या तळव्यांची सालं निघाली होती. खडकांमधून, फुटणाऱ्या लाटांमधून त्याने होडी अशी आत घातली की तळाला ओरखडासुद्धा आला नाही. म्हाताऱ्याला खांद्यावर टाकून तो माडाच्या बागेतल्या पहिल्या घराकडे पळाला. मी मागून रडत पळत होते. परीक्षाच म्हणाल तर ती त्याने त्या तीन तासांत दिली, आणि ती पाहायला शुद्धीवर असलेली मी एकटी होते.

संध्याकाळपर्यंत भिकूकाका उठून बसले. पेज घेतली. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः सुकाणू धरलं आणि दादाला हाताने पुढे जायची खूण केली. मालवणवरून वेंगुर्ल्यापर्यंत दादा होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसून होता, आमच्याकडे पाठ करून. परत घरी पोचल्यावर भिकूकाका वडिलांना दादाबद्दल एकच बोलले, आणि ते रागाने बोलले नाहीत, याचंच मला जास्त वाटतं: "झिलाक हात आसा, डोळो आसा. पण जेका दर्यार पाणी सांभाळूक येणा नाय, तेच्या हातात माणसा कशी देवची?" वडिलांनी दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा अर्ज आणला.

स्थळाचं काय झालं, विचाराल तर सांगते. मावशीने माझ्या शिकेकाईने धुतलेल्या केसांचा घट्ट अंबाडा घातला, त्यावर अबोलीचे गजरे चढवले, केसाचं टोकही कोणाला दिसलं नाही. उन्हाने माझ्या नाकाची साल निघत होती. मुलाच्या आईने माझ्याकडे, म्हणजे माझ्या नाकाकडे पाहिलं आणि चहा अर्धा ठेवून सगळे उठले. एका माणसाचा समुद्र गेला आणि मला त्या बदल्यात मिळालेला चहा दुसऱ्यांनीच अर्धा प्यायला.

पुढे माझं लग्न बँकेतल्या माणसाशी झालं आणि बदल्या होत होत आम्ही जयपूरला पोचलो. दादाही विमा कंपनीत वर चढत गेला. एकदा बढतीबरोबर त्याला तीन गावं विचारली, त्यात गोवा होतं आणि जयपूर होतं. मी फोनवर म्हटलं, "इथेच ये रे, मला माहेर होईल." आणि तो आला! गोवा सोडून. समुद्रापासून इतक्या दूर, की इथल्या मुलांना मी लाट समजावते तेव्हा ती स्विमिंग पूल म्हणतात. पहिल्यांदा मी त्याला पाण्यापासून खोटं बोलून तोडलं, दुसऱ्यांदा लाडाने.

सांगायचे प्रसंग आले नाहीत असं नाही. एकदा जयपूरजवळच्या बगरूला चादरी घ्यायला गेलो होतो, दादा, वहिनी आणि मी. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात छापलेले ताग्यांचे तागे वाळत घातले होते, आणि वारं आलं. दोरीवरचं एक लांबलचक कापड फुगून उभं राहिलं. दादा चालता चालता थांबला. कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मंदे, पाठचं वारं आहे." एवढंच. माझ्या घशापर्यंत आलं होतं. आणि मी काय म्हटलं? "चल, नाहीतर तुझ्या शिडाला भैया दुप्पट भाव लावेल." वहिनी हसली, तोही हसला. मला विनोद सुचला की समजावं, मी कुठूनतरी पळते आहे. आयुष्यभर लोकांनी मला मिश्कील म्हटलं. मी धावपटू होते.

मंडळात संक्रांतीच्या तिळगुळाला लोक जमले की दादा ही गोष्ट स्वतःच सांगायचा, स्वतःवर. "मी तांडेल होणार होतो, पण साधं बूच लावता येईना!" आणि तो तळहाताने हवेत ठोकून दाखवायचा. सगळे हसायचे. मी त्याच्या शेजारी बसून हसायचे, सगळ्यांत मोठ्याने.

तो जायच्या दहा दिवस आधी मी त्याच्याकडे गेले होते. हृदय थकलं होतं, व्हरांड्यातल्या खाटेवर पडून असायचा. वहिनी आत चहा करत होती. रिक्षात बसल्यापासून मी ठरवलं होतं की आज सांगायचं. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "दादा, ते आचऱ्याचं पिंप..."

"मी पण तेच म्हणणार होतो," तो म्हणाला. आवाज अगदी खोल गेला होता. "तुला कधी म्हटलं नाही मी. त्या दिवशी तहानेने तू किती रडत होतीस. वल्हवताना मला ऐकू येत होतं सगळं. माझ्यामुळे झालं, मंदे. राहून गेलं म्हणायचं. माफ कर मला."

मी तहानेने रडत नव्हते. भिकूकाका मेले तर काय, म्हणून रडत होते. हे तरी सांगायचं! पण त्याचा चेहरा असा झाला होता, जड काहीतरी खाली ठेवल्यासारखा, आणि मला वाटलं आता सांगितलं तर हे पुन्हा उचलावं लागेल त्याला... असं मी स्वतःला आजवर सांगत आले. खरं म्हणजे मला सुटका दिसली. मी त्याच्या हातावर थोपटलं आणि म्हटलं, "असू दे रे दादा. केलं माफ." तो हसला. मग चहा आला.

मी त्याला माफ केलं. हे वाक्य लिहायला मला सहा आठवडे लागले.

गेल्या गुरुवारी मी वहिनीला सगळं सांगितलं. ती पालक निवडत होती. हात थांबले नाहीत तिचे, सगळी जुडी निवडून झाली तेव्हा ती बोलली. "मंदावन्सं, तुम्हांला माहीत आहे का, आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी मामंजींनी ह्यांना पत्र लिहिलं होतं? नोकरी आवडत नसेल तर ये परत, होडी घेऊ. भिकूकाकाही नरमलेत म्हणून."

मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ माहीत नव्हतं.

"ह्यांनीच नाही म्हणून कळवलं. मला म्हणाले, माझा मलाच भरवसा नाही." तिने पालकाची देठं कागदात गुंडाळली. "घरातून निघालो की कोपऱ्यावरून परत. का? तर नळ पाहायला. गॅस पाहायला. मिलिंदच्या लग्नाला जाताना तीनदा उतरले गाडीतून. मी किती चिडले त्यांच्यावर... माणसांसमोर चिडले. आणि तुम्ही त्यांचं नाव ठेवलं होतंत, नळसाहेब."

ते मीच ठेवलं होतं. मंडळात सगळे त्याला त्याच नावाने हाक मारायचे.

मी म्हटलं, "वहिनी, माफ..."

"ते मला मागू नका," ती म्हणाली. "माझ्याकडे काय आहे द्यायला? तुम्ही लिहा. कुठेतरी छापून येऊ दे. ज्या ज्या लोकांना ते सांगत फिरले ना, बूच मी सैल ठेवलं म्हणून, त्यांना कळू दे." आणि पालक धुवायला आत निघून गेली. चहा विचारला नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हणून हे लिहिलं. दादाच्या ओळखीतल्या सगळ्यांनी वाचावं: बूच त्याने नीट लावलं होतं. तळहाताने दोनदा ठोकलं होतं. मी पाहिलं होतं.

त्या गुरुवारी मी वहिनीकडून निघत होते, तर मिलिंद गच्चीवरून हाक मारायला लागला. पाण्याची टाकी धुवायला माणूस आला होता आणि झाकण उघडेना. दादाने झाकण दोरीने आवळून बांधलेलं, आणि गाठ दोघांनाही सुटत नव्हती. "आत्या, मी दोरी काटून टाकतो," तो म्हणाला. "काटू नको, थांब," म्हणत मी माझे दोन्ही गुडघे एकेका पायरीवर चढवत वर गेले. गाठ पाहिली आणि ओळखली. होडीत शीड बांधायची गाठ. भिकूकाकांनी दादाला लहानपणी शिकवली होती आणि मला त्या फेरीच्या पहिल्या दिवशी. एक टोक ढकललं, दुसरं ओढलं, सुटली. मिलिंद बघतच राहिला.

टाकी धुऊन, भरून झाली. झाकण मी बसवलं, तळहाताने ठोकलं, दोरी गुंडाळून तीच गाठ मारली. ओढून पाहिली. मिलिंद आणि तो माणूस खाली गेले. मीही कठडा धरून उतरायला लागले. तीन पायऱ्या उतरले आणि थांबले. गाठ घट्ट बसली होती, हे मला ठाऊक होतं. "आत्या, आ रही हो ना?" मिलिंद खालून म्हणाला. "आले रे," म्हटलं मी, आणि परत वर गेले.